लग्नाचा मुहूर्त आणि मुरमांची कॅप्सूल

तुळशीचं लग्न लागलं की नवी मुंबईत कार्यालयं आणि हॉल भराभर बुक होऊ लागतात. त्याच सुमाराला वाशी, नेरूळ, खारघरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक ठरावीक मागणी यायला लागते. साखरपुडा झालेला असतो, तारीख निघालेली असते आणि नवरीच्या, हल्ली नवऱ्याच्याही, गालावर आणि हनुवटीवर मुरमांचं पीक आलेलं असतं. क्रीम लावून झालं, फेसवॉश बदलून झाले, ‘तेलकट खाऊ नकोस’ हा घरचा सल्लाही पाळून झाला. मग मावसबहीण किंवा पार्लरमधली ताई कानात सांगते, ‘एक कॅप्सूल येते, ती घे. चेहरा काचेसारखा होतो.’

त्या कॅप्सूलचं नाव आयसोट्रेटिनोइन. ताई सांगते त्यात तथ्य आहे. खोल, दुखऱ्या, गाठीसारख्या मुरमांवर याहून परिणामकारक औषध वैद्यकशास्त्राकडे आजही नाही. पण ताई अर्धीच गोष्ट सांगते. या औषधाचा सर्वांत गंभीर धोका ते घेणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याला, यकृताला किंवा केसांना नसून तिच्या पोटात वाढू शकणाऱ्या बाळाला असतो. आणि आपल्याकडे हे औषध मागण्याची घाई नेमकी लग्नाच्या तोंडावर होते.

मुरूम हा वयाचाच भाग आहे. बारा ते चोवीस या वयात सुमारे ८५ टक्के मुलामुलींना तो कमीअधिक होतोच, आणि बहुतेकांचा लावायच्या औषधांनी किंवा नुसत्या काळाने जातो. प्रश्न उरलेल्यांचा असतो. त्यांच्या त्वचेखाली गाठी होतात, त्या फुटतात, आणि मागे खड्डे व महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग ठेवून जातात. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर हे डाग जास्त गडद उठतात. खड्डे तर आपोआप कधीच भरत नाहीत. म्हणून कॅप्सूलचा हिशेब मांडताना ‘न घेतल्याने काय होईल’ हा रकानाही भरावा लागतो, आणि भीतीपोटी औषध टाळणारी घरं नेमका तोच रिकामा सोडतात.

मुरूम होण्यामागे चार गोष्टी एकत्र येतात. त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत जिवाणूंची वाढ होते आणि शरीर त्यांच्याशी लढताना सूज येते. इतर औषधं यांपैकी एका-दोन गोष्टींना हात घालतात. आयसोट्रेटिनोइन चारही ठिकाणी पोचतं. मुख्य म्हणजे ते तैलग्रंथीच आकसून टाकतं. तेल आटलं की जिवाणूंचं खाद्यही आटतं. म्हणूनच अँटिबायोटिक बंद करताच परत येणारे मुरूम या औषधानंतर अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं, काहींच्या बाबतीत कायमचे, परतत नाहीत. सगळ्यांचं तसं होत नाही. पाचांतल्या एखाद-दुसऱ्याला पुन्हा कोर्स करावा लागतो, आणि पीसीओएससारखा हार्मोनचा बिघाड मुळाशी असेल तर मुरूम परतण्याची शक्यता आणखी वाढते.

रसायनाच्या दृष्टीने हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गॅरी पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्याच उपचाराला दाद न देणारे मुरूम असलेल्या १४ रुग्णांना ते चार महिने दिलं. १९७९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: १४ पैकी १३ जणांचे मुरूम पूर्ण गेले होते. त्वचाविज्ञानात असे आकडे सहसा दिसत नाहीत. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीच्या ‘ॲक्युटेन’ला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे भारतीय कंपन्या या बाजारात उतरल्या. रॅनबॅक्सीची ‘सोट्रेट’ अमेरिकेपर्यंत पोचली. ती रॅनबॅक्सी आता मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मात विलीन झाली आहे. आज नेरूळच्या कोणत्याही मोठ्या मेडिकल स्टोअरमध्ये या औषधाचे अनेक ब्रँड ओळीने मिळतात.

त्वचेच्या डॉक्टरांबरोबर कर्करोगतज्ज्ञही हे औषध चांगलं ओळखतात. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा कर्करोग. त्याचा जोखमीचा प्रकार असेल तर मुख्य उपचार संपल्यावर उरल्यासुरल्या पेशींना वेसण घालण्यासाठी हेच आयसोट्रेटिनोइन देतात, तेही मुरमांच्या कित्येक पट मात्रेत: शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे दिवसाला १६० मिलिग्रॅम, चौदा दिवस औषध आणि चौदा दिवस विश्रांती, असे सहा फेरे. बालकर्करोगावर उपचार करणारी टाटा मेमोरियल केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था खारघरमध्येच आहे. लग्नाआधीच्या सौंदर्योपचारांच्या यादीत फेशियल आणि मॅनिक्युअरच्या शेजारी जाऊन बसलेलं औषध मुळात किती ताकदीचं आहे, हे यावरून कळावं.

आता मुहूर्ताचा हिशेब. डॉक्टर साधारणपणे दर किलो वजनामागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम औषध देतात, आणि पूर्ण कोर्समध्ये दर किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जावं असं रूढ गणित आहे. मुलगी पन्नास किलोची असेल तर किमान ६००० मिलिग्रॅम. रोज वीस मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतली तर ३०० दिवस, म्हणजे दहा महिने. चाळीस मिलिग्रॅम घेतले तर पाच महिने, पण मग ओठ, डोळे आणि रक्तातली चरबी यांची तक्रारही वाढते. आपल्याकडचे बरेच डॉक्टर कमी मात्रेला पसंती देतात. मध्यम स्वरूपाच्या मुरमांना ती पुरते आणि त्रास कमी होतो, असं भारतीय अभ्यासांतही दिसलं आहे. तीव्र मुरमांना मात्र पूर्ण मात्राच लागते. काही डॉक्टर एकूण आकड्यापेक्षा चेहऱ्याकडे पाहतात आणि नवे मुरूम थांबल्यावर आणखी एक-दोन महिने औषध देऊन थांबवतात. गणित कोणतंही धरा, तीन महिन्यांत हा कोर्स बसत नाही.

शिवाय सुरुवातीच्या काही आठवड्यांत मुरूम आधी उसळतात. हे औषधाचं अपयश नव्हे, अनेकांच्या बाबतीत तसं होतं आणि नंतर ओसरतं. पण देवकाला दीड महिना असताना कॅप्सूल सुरू केली तर ही उसळी मेंदी, हळद आणि फोटोग्राफर यांच्या नेमक्या मध्ये येऊ शकते.

पार्लरचं ‘प्री-ब्रायडल पॅकेज’ हा आणखी एक अडथळा. या औषधाने त्वचेचा वरचा थर पातळ आणि नाजूक होतो. त्यावर गरम वॅक्स लावून ओढलं की केसांबरोबर त्वचाही सोलवटून निघते. वरच्या ओठावर आणि भुवयांजवळ तर हमखास. औषध चालू असताना आणि नंतर काही महिने वॅक्सिंग टाळायला सांगतात ते यासाठीच. लेझर आणि हलक्या केमिकल पीलच्या बाबतीत मात्र जुनी भीती जरा जास्तच होती. औषध थांबवून सहा महिने काहीही करायचं नाही, असा दंडक पूर्वी होता. २०१७ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पुराव्यांचा आढावा घेऊन लेझरने केस काढणं, वरवरचे पील अशा बऱ्याच प्रक्रियांसाठी एवढं थांबण्याची गरज नाही अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हे काम तज्ज्ञाच्या हातून व्हायला हवं, ही अट त्यात गृहीतच आहे. हळदीचं म्हणाल तर कोरड्या, सोलवटलेल्या गालावर ती चरचरते. अशा नवरीला हळद हातापायांना लावून चेहऱ्याला नुसतं बोट टेकवलं तरी विधी पार पडतो, कोणताही भटजी त्याला हरकत घेणार नाही.

‘औषध गरम पडतं’ असं घरोघरी म्हणतात त्याच्या जवळपास जाणारा अनुभव या कॅप्सूलवर जवळजवळ प्रत्येकाला येतो. ओठ फुटतात. ओठ अजिबात कोरडे पडत नसतील तर रुग्ण कॅप्सूल घेतोय की नाही अशी शंका डॉक्टरांना येते. नाक आतून सुकतं आणि एखाद्या सकाळी घोळणा फुटतो. डोळे चुरचुरतात. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये दहा तास एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्या, त्यातून कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्या तरुणांना हा त्रास अधिक. यावर उपाय साधे आहेत: ओठांना पेट्रोलियम जेली किंवा घरचं तूप, नाकात आतून तोच हात, डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. सब्जा आणि गुलकंद यांनी काही बिघडत नाही, पण ओठ त्यांनी मिटत नाहीत. कंबर किंवा सांधे दुखू शकतात. रात्री कमी दिसायला लागलं तर मात्र गाडी चालवणं थांबवून डॉक्टरांना लगेच कळवायला हवं.

जिमवाल्यांसाठी वेगळा इशारा. नवी मुंबईत सेक्टरगणिक जिम निघाल्या आहेत आणि दंड-छाती लवकर कमावण्यासाठी कुणी स्टेरॉइड टोचून घेतं, त्याने मुरूम उसळतात, मग त्यावर हे औषध. एकतर मुळाचं कारण चालूच राहतं. दुसरं म्हणजे जोरकस व्यायामाने स्नायूंमधलं क्रिएटिन कायनेज नावाचं एंझाइम रक्तात वाढतं आणि हे औषध त्यात भर घालू शकतं. अंग दुखून लघवी गडद होत असेल तर व्यायाम थांबवून तपासणी करायची. काय घेतो ते डॉक्टरांना खरं सांगितलं तर निम्मं काम होतं.

कॅप्सूल कशी घ्यायची यावर तिचा गुण बराचसा ठरतो, आणि ही गोष्ट गर्दीच्या ओपीडीत हमखास राहून जाते. औषध स्निग्धात विरघळणारं आहे. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर रिकाम्या पोटाच्या दुपटीहून जास्त शरीरात शोषलं जातं. वरणभातावर तूप, शेंगदाण्याची चटणी किंवा साय असलेलं दूध पुरतं. वडापाव खाण्याचं निमित्त शोधायला नको. वजन कमी करण्यासाठी उकडलेल्या भाज्यांवर राहणारी नवरी किंवा नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणारी भाविक यांच्या पोटात कॅप्सूल जाते, पण रक्तात पुरती पोचत नाही. आणखी एक बाब दुकानात क्वचितच सांगतात. कॅप्सूलचं मऊ कवच जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राणिजन्य. कडक शाकाहारी घरांना ते आधी माहीत असलेलं बरं. काही ब्रँडमध्ये सोयाबीनचं तेल असतं, त्याची ॲलर्जी असलेल्यांनी घटक तपासावेत.

रक्ततपासणी मुख्यतः दोन गोष्टींसाठी: यकृताची एंझाइम्स आणि ट्रायग्लिसराइड्स. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एवढ्यावरच भर दिला आहे. निरोगी रुग्णात रक्तपेशींची मोजणी वारंवार करण्याची गरज नाही असं त्यात म्हटलं आहे. पंधरा चाचण्यांचं महागडं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर प्रश्न विचारायला हरकत नाही. दारूने ट्रायग्लिसराइड्स वाढतात, म्हणून कोर्सपुरती ती बाजूला. ‘अ’ जीवनसत्त्व असलेल्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या आणि कॉड लिव्हर ऑइलही बाजूला, कारण एकाच कुळातली दोन औषधं एकदम घेतल्यासारखं होतं. गाजर खुशाल खावं.

पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र मुंबई-नवी मुंबईच्या रुग्णांनी लक्षात ठेवलीच पाहिजे. डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जातीची अँटिबायोटिक्स या औषधाबरोबर घेतली तर मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढण्याचा धोका असतो. सतत डोकं दुखणं, उलट्या, धूसर दिसणं ही त्याची लक्षणं. डॉक्सिसायक्लिन हेच मुरमांवरचंही नेहमीचं औषध, त्यामुळे जुन्या डॉक्टरांच्या गोळ्या उरल्या आहेत म्हणून त्या संपवत बसायच्या नाहीत. आणि तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी देतात तेही डॉक्सिसायक्लिनच. ते घेण्याआधी ‘माझी मुरमांची कॅप्सूल चालू आहे’ एवढं एक वाक्य सांगायचं. लेप्टो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे कोणतं औषध थांबवायचं आणि कोणतं घ्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं आहे.

मनावर होणाऱ्या परिणामांची चर्चा जगभर आहे. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य बार्ट स्टुपाक यांच्या सतरा वर्षांच्या मुलाने मे २००० मध्ये आत्महत्या केली. तो हे औषध घेत होता आणि कुटुंबाने त्यालाच दोष दिला. त्यानंतर हा विषय संसदेपर्यंत गेला. पुढच्या दोन दशकांत संशोधकांनी माहितीचे मोठे साठे तपासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात २५ अभ्यास आणि १६ लाखांहून अधिक लोकांचा समावेश होता. औषध घेणाऱ्यांच्या समूहात आत्महत्या किंवा मानसिक आजारांचं प्रमाण वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट उपचारानंतरच्या दोन ते चार वर्षांत आत्महत्येचे प्रयत्न कमी होते. त्याच वर्षी ब्रिटनने मात्र नियम कडक केले: अठरा वर्षांखालच्या रुग्णाला औषध सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची सहमती हवी, आणि मानसिक व लैंगिक आरोग्याविषयी आधी बोलायला हवं.

दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतात, पण तशा नाहीत. समूहाच्या सरासरीत धोका दिसत नाही याचा अर्थ एखाद्या मुलाचं बिनसणारच नाही असा होत नाही. तीव्र मुरूम स्वतःच मन पोखरतात. अकरावी-बारावीची मुलं क्लासमध्ये मागच्या बाकावर बसतात, फोटोतून पळतात, घरात आरसा टाळतात. वर नीट आणि सीईटीचा ताण असतोच. अशा मुलाची झोप उडाली, बोलणं तुटलं, चिडचिड वाढली तर ‘वयच तसं आहे’ म्हणून न सोडता कॅप्सूल थांबवून डॉक्टरांना भेटायचं, एवढी नजर घरच्यांनी ठेवावी. आधीपासून नैराश्याचे उपचार चालू असतील तर ते लपवू नयेत. आपल्याकडे ते लपवले जातात, स्थळं बघणं चालू असताना तर अधिकच.

आतड्याच्या आजाराची भीती बहुतेक न्यायालयांतून पसरली. अमेरिकेत रोशवर हजारो दावे झाले, काहींत कोट्यवधी डॉलरची भरपाईही ठरली. खटल्यांचा खर्च आणि स्वस्त जेनेरिकची स्पर्धा यांमुळे कंपनीने २००९ मध्ये तिथे ‘ॲक्युटेन’ विकणं बंद केलं. पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही आणि २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन हजारांहून अधिक दावे फेटाळण्याचा निर्णय कायम केला.

जो धोका कोणत्याही अभ्यासाने कमी केला नाही, तो गर्भाचा. औषध बाजारात आल्यावर तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, गर्भारपणात हे औषध पोटात गेलेल्या १५४ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. ९५ जणींनी गर्भपात करून घेतला, १२ जणींचा आपोआप झाला आणि जन्मलेल्या ४७ बाळांपैकी २१ बाळांना गंभीर व्यंग होतं. कान नसणं किंवा अर्धवट असणं, हृदयाची, मेंदूची, चेहऱ्याची रचना बिघडणं. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत, पाळी चुकल्याचं कळायच्या सुमारालाच हे नुकसान होऊन जातं. मात्रा कमी होती, औषध थोडेच दिवस घेतलं, यानेही निर्धास्त होता येत नाही.

अमेरिकेने यासाठी टप्प्याटप्प्याने कुंपण उंच केलं. २००६ पासून तिथे ‘आयप्लेज’ नावाची नोंदणी सक्तीची आहे. रुग्ण, डॉक्टर आणि औषधविक्रेता तिघांचीही नोंद, मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीची दर महिन्याला गर्भचाचणी, आणि ठरलेल्या मुदतीत औषध उचललं नाही तर सगळं पुन्हा. डिसेंबर २०२१ मध्ये त्याची संगणकप्रणाली बदलली तेव्हा ती कोलमडली आणि हजारो रुग्णांचे कोर्स अडले. एवढं करूनही १९९७ ते २०१७ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे हे औषध घेणाऱ्या स्त्रियांच्या ६७४० गर्भारपणांची नोंद झाली.

भारतात अशी नोंदणी नाही. औषध अनुसूची ‘एच’मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा, पाकिटावर गरोदरपणात न घेण्याचा इशाराही छापलेला असतो. पण एकदा मिळालेल्या चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो किती महिने चालतो, हे शहरातल्या कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारावं. सगळी भिस्त उरते ती तपासणीच्या खोलीतल्या एका संवादावर. आणि तो संवाद आपल्याकडे अवघड होऊन बसतो, कारण मुलीच्या शेजारच्या खुर्चीत आई बसलेली असते.

डॉक्टर विचारतात, ‘लग्न झालंय?’ आई म्हणते, ‘नाही हो, मे महिन्यात आहे.’ विषय तिथे मिटल्यासारखा वाटतो. वास्तविक खरा विषय तिथून सुरू व्हायला हवा. मुलगी एखाद्या नात्यात आहे का, हे आईसमोर कळणार नाही. आणि नसली, तरी मे महिन्यात लग्न झाल्यावर कोर्सचे चार महिने शिल्लक असतील तर त्या चार महिन्यांचं काय? सासरी ‘गोड बातमी’ची विचारणा सुरू होते आणि नव्या नवरीने मुरमांची कॅप्सूल घेत असल्याचं नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं. म्हणून जाणते डॉक्टर आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतात, मुलीशी स्पष्ट बोलतात, गर्भचाचणी करून घेतात आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी औषध सुरू करतात. औषधाच्या एक महिना आधीपासून ते शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिन्यापर्यंत पाळणा लांबवण्याची खात्रीची व्यवस्था हवी, शक्यतो दोन साधनांची. डॉक्टरांनी असं विचारलं तर त्यात मुलीच्या चारित्र्यावर शंका नाही. असा प्रश्न न विचारता वीस कॅप्सूल लिहून देणारा डॉक्टर मात्र बदलावा.

या एका महिन्याविषयी बऱ्याच अफवा आहेत. ‘ही गोळी घेतली की मूल होत नाही’ ही त्यांतली सर्वांत घट्ट. आयसोट्रेटिनोइन काही दिवसांत शरीरातून निघून जातं. महिना उलटल्यावर दिवस राहिले तर त्या बाळाला या औषधाचा वाढीव धोका नसतो, आणि पुढे मूल होण्याची क्षमता त्याने जात असल्याचाही पुरावा नाही. तीन वर्षं थांबावं लागतं ते सोरायसिससाठी वापरल्या जाणाऱ्या ॲसिट्रेटिन या त्याच्या भाऊबंदाच्या बाबतीत. नावं सारखी वाटल्याने गोंधळ होतो. नवरा औषध घेत असेल तर वीर्यातून जाणारा अंश नगण्य असतो. मात्र त्याने आपल्या कॅप्सूल बायकोला किंवा बहिणीला ‘घेऊन बघ’ म्हणून देऊ नयेत. रक्तदानालाही हाच एक महिन्याचा नियम. कॉलेजात किंवा गणेशोत्सव मंडळाच्या शिबिरात दिलेली पिशवी एखाद्या गर्भवतीला चढू शकते.

औषध चालू असताना दिवस राहिलेच तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवायची आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठायचं. प्रत्येक बाळाला व्यंग असतंच असं नाही, पण अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफीही सगळं पकडेल अशी हमी नसते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण आता अविवाहित स्त्रीलाही देता येतं. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधाचा कोणताही गंभीर दुष्परिणाम केंद्राच्या औषध-दक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. नोंदणी नसलेल्या देशात आकडे जमण्याचा हा एक मार्ग आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही.

एवढं वाचून कॅप्सूल फेकून देणाऱ्यांनी जरा थांबावं, कारण मग हात वळतो तो मेडिकलमधल्या स्वस्त ट्यूबकडे. या ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, मुरूम बसतात. ट्यूब सोडली की चेहरा लालभडक होऊन पूर्वीपेक्षा जास्त मुरूम येतात, पुढे त्वचा पातळ होऊन केस उगवतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टेरॉइड क्रीम चेहऱ्याला लावत होते, गोरेपणासाठी आणि मुरमांसाठी. २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा स्टेरॉइड क्रीमच्या चिठ्ठीविना विक्रीला आळा घातला. तरी ट्यूब मिळतेच. देखरेखीखालची कॅप्सूल आणि देखरेखीविनाची ट्यूब यांत निवड करायची झाली तर कॅप्सूल कितीतरी सुरक्षित.

लग्न दोन महिन्यांवर आलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे दुसरी हत्यारं आहेत. फुगलेल्या गाठीत औषधाचं अगदी सौम्य इंजेक्शन दिलं तर ती दोन-तीन दिवसांत बसते. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲझेलेइक ॲसिड आणि हलके पील यांनी फोटोपुरतं बरंचसं निभावतं. खासगी फी परवडत नसेल तर नेरूळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. लग्न सहा-आठ महिने दूर असेल आणि मुरूम खड्डे पाडणारे असतील, तर कॅप्सूल आजच सुरू करून शेवटचा महिना मोकळा ठेवता येतो. आणि मूल वर्ष-दोन वर्षं नको असं दोघांनी ठरवलं असेल, तर लग्नानंतर, पाहुणे गेल्यावर, नवऱ्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जाऊन कोर्स सुरू करायलाही कसलीच अडचण नाही. गर्भचाचणी आणि गर्भनिरोधक हे विषय तेव्हा आईसमोर चोरून बोलावे लागत नाहीत, आणि काही त्वचारोगतज्ज्ञांना हीच वेळ सर्वांत सोयीची वाटते.